आपल्याकडे तो आहेच!

एप्रिल १९५६. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला क्रमांक न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर रॉयल्स या संघाकडे होता. कॉलेज संपवून व्यावसायिक बास्केटबॉलकडे वळणाऱ्या पोरांत बिल रसेल होता. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला त्याने लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. रॉयल्सनी साय ग्रीन नावाच्या गार्डला घेतलं.

मालक लेस हॅरिसन यांच्याकडे कारणं तयार होती. रसेल २५ हजार डॉलर मागणार अशी बोलवा होती आणि लहान शहरातल्या संघाला तो आकडा झेपणारा नव्हता. शिवाय रिबाउंड खेचायला मॉरिस स्टोक्स होता. आदल्याच वर्षी संघात आलेला हा तगडा गडी पदार्पणाच्या मोसमात सर्वोत्तम नवोदित ठरला होता. तो असताना आणखी एका रिबाउंडवाल्यावर पैसे कशाला घालायचे? बोस्टन सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन यांनी आपला बर्फावरच्या नाचाचा 'आइस कपेड्स' हा कार्यक्रम रॉचेस्टरला पाठवायचं कबूल करून हॅरिसनना रसेलपासून दूर ठेवलं, अशीही एक कथा आहे. हॅरिसनच्या घरच्यांना ती मान्य नव्हती. पण कथा इतकी झकास आहे की बास्केटबॉलवाले ती सोडायला तयार नाहीत.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या क्रमांकावर सेंट लुइस हॉक्सनी रसेलला निवडलं आणि लगेच बोस्टनला देऊन टाकलं. बदल्यात एड मकॉली आणि क्लिफ हेगन घेतले. रसेलने १३ मोसमांत बोस्टनला ११ विजेतेपदं मिळवून दिली. साय ग्रीन नऊ मोसम खेळला, ऑल-स्टार सामन्यासाठी एकदाही निवडला गेला नाही. आणि रॉचेस्टरकडे 'होताच' तो स्टोक्स? संघ सिनसिनाटीला हलल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात, मार्च १९५८मध्ये, सामन्यात पडून त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. तीन दिवसांनी तो पुन्हा खेळला, परतीच्या विमानात कोसळला आणि उरलेलं आयुष्य पक्षाघाताने जखडून पडला. त्याच्या औषधपाण्याची जबाबदारी संघातला सहकारी जॅक ट्वायमन याने कायदेशीर पालक होऊन उचलली. १९७०मध्ये स्टोक्स गेला.

ड्राफ्टच्या पहिल्या क्रमांकाचं काय करायचं, या प्रश्नाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी 'आपल्याकडे तो आहेच' या वाक्याचा इतिहास आहे.

आयपीएलच्या लिलावात ज्याची थैली जड आणि हात सैल, त्याला खेळाडू मिळतो. अमेरिकेत उलटी रीत. तिथे जो संघ मोसमभर मार खातो, तो नव्या खेळाडूंतून आधी निवडतो. ही कल्पना अमेरिकन फुटबॉलमधून आली. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी ती मांडली आणि १९३६मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. बास्केटबॉलने १९४७मध्ये तिचं अनुकरण केलं. मानाच्या या पहिल्या निवडीचं नशीब दोन्हीकडे सारखंच निघालं. फुटबॉलमधला पहिला मानकरी जे बरवँगर व्यावसायिक सामना कधी खेळलाच नाही. बास्केटबॉलमध्ये पिट्सबर्ग आयर्नमेनने निवडलेला क्लिफ्टन मॅकनीली टेक्सासमधल्या पॅम्पा गावात शाळेच्या पोरांना खेळ शिकवायला गेला, आणि आयर्नमेन संघ त्याच वर्षी बंद पडला.

सुरुवातीच्या काळात ड्राफ्टपेक्षा तिकीटविक्रीची चिंता मोठी होती. म्हणून 'प्रादेशिक निवड' नावाची पळवाट होती. पहिल्या फेरीतला आपला क्रमांक सोडायचा आणि आसपासच्या कॉलेजातला, गावकऱ्यांच्या ओळखीचा खेळाडू थेट उचलायचा. १९५९मध्ये फिलाडेल्फियाने विल्ट चेंबरलेनला असंच घेतलं. तो खेळायचा दूर कॅन्ससच्या विद्यापीठात, पण शिकला होता फिलाडेल्फियाच्या शाळेत, आणि तेवढा धागा नियमाला पुरला.

१९६६पासून ही पळवाट बंद झाली आणि पहिला क्रमांक नाण्यावर ठरू लागला. दोन्ही विभागांतले तळाचे संघ समोरासमोर, वर नाणं. १९६९ची नाणेफेक सर्वांत गाजली, कारण बक्षीस होतं ल्यू अल्सिंडर, म्हणजे नंतरचा करीम अब्दुल-जब्बार. फिनिक्स आणि मिलवॉकी, दोघेही जेमतेम वर्षभराचे संघ. फिनिक्सने काय मागायचं ते चाहत्यांच्या मतावर सोडलं. चाहते छापा म्हणाले, पडला काटा. मिलवॉकी १९७१मध्ये विजेता झाला. फिनिक्सच्या वाट्याला नील वॉक आला. तो वाईट खेळाडू नव्हता, एवढंच. फिनिक्सला २०२५पर्यंत एकही विजेतेपद मिळालेलं नाही.

नाण्यावर सोपवलं की निदान माणसाच्या डोक्याला दोष लागत नाही. डोकं चालवायची वेळ नाणं पडल्यावर येते. १९७९मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सनी शिकागोविरुद्ध नाणेफेक जिंकली. हा क्रमांक मुळात न्यू ऑर्लिन्सचा. १९७६मध्ये त्यांनी लेकर्सचा बुजुर्ग गार्ड गेल गुडरिच घेतला होता, त्याच्या भरपाईपोटी हा क्रमांक लेकर्सकडे आला. लेकर्सकडे चेंडू खेळवणारा नॉर्म निक्सन होताच, आणि चांगला होता. तरी त्यांनी चेंडू खेळवणाराच दुसरा घेतला, मॅजिक जॉन्सन. दोघं काही वर्षं एकत्र खेळले, लेकर्सनी १९८० आणि १९८२ची विजेतेपदं मिळवली आणि १९८३मध्ये निक्सनला देऊन बायरन स्कॉट घेतला. 'आहेच' म्हणण्याऐवजी 'असू दे, हाही असू दे' म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत देखणा दाखला.

मग १९८४. एकाच दिवशी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं मिळाली.

पहिला क्रमांक ह्यूस्टनकडे. त्यांनी आदल्या वर्षी पहिल्याच क्रमांकावर सात फूट चार इंचांचा सेंटर राल्फ सॅम्पसन घेतला होता. तरी पुन्हा सेंटरच घेतला, हकीम ओलाजुवान. लोक हसले, पण दोन वर्षांत ही जोडी अंतिम फेरीत होती. सॅम्पसनचे गुडघे गेले. ओलाजुवान उरला आणि त्याने १९९४ व १९९५मध्ये विजेतेपद आणलं.

दुसरा क्रमांक पोर्टलंडकडे. त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर होता, उंच उड्या मारणारा तरणाबांड गडी. त्याच जागेवर खेळणारा मायकेल जॉर्डन समोर असताना संघाने ठरवलं की आपल्याला हवाय सेंटर. त्या वर्षीच्या अमेरिकन ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक बॉब नाइट यांनी पोर्टलंडच्या स्टू इनमन यांना जॉर्डन घ्यायला सांगितलं. सेंटर हवाय, असं उत्तर आल्यावर मग जॉर्डनलाच सेंटर म्हणून खेळवा, असं नाइट म्हणाल्याचा किस्सा अजून सांगितला जातो. पोर्टलंडने केंटकीचा सॅम बोवी घेतला. नडगीच्या हाडाच्या दुखण्याने कॉलेजातले त्याचे दोन मोसम वाया गेले होते. तेच पाय इथेही आडवे आले. पाच वर्षांत पोर्टलंडसाठी तो १३९ सामने खेळला. जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला. १९९२च्या अंतिम मालिकेत शिकागोची गाठ पोर्टलंडशीच पडली. पहिल्या सामन्याच्या पूर्वार्धातच जॉर्डनने ३५ गुण केले, त्यात सहा तीन-गुणी फेकी होत्या. समोर ड्रेक्सलर होता.

बोवीवर उगाच खापर फोडू नये. तो जेव्हा उभा राहू शकला, तेव्हा चांगला खेळला. चूक होती विचारात. संघाने आजच्या भिंतीतलं भगदाड मोजलं आणि त्या मापाची वीट शोधली. पण ड्राफ्टमधली पोरं विशी-एकविशीतली असतात. ती ऐन बहरात येईपर्यंत भिंतच बदललेली असते.

ह्यूस्टनने पहिला क्रमांक कमावला कसा, याचीही चर्चा झाली. १९८४च्या एप्रिलमध्ये एका जादा वेळेपर्यंत लांबलेल्या सामन्यात ३८ वर्षांचा एल्विन हेज सगळीच्या सगळी ५३ मिनिटं मैदानात होता. जिंकायला निघालेला संघ असं करत नाही. मुद्दाम हरण्याला आळा घालायला १९८५मध्ये लॉटरी आली. प्लेऑफबाहेरच्या सातही संघांना समान संधी, आणि पहिलं पाकीट निघालं न्यूयॉर्कचं. ते पाकीट आधी बर्फात ठेवलं होतं, ही वदंता चाळीस वर्षांनंतरही वितळलेली नाही. मग तळाच्या संघांना जास्त वजन देण्यात आलं. पण १९९३मध्ये ६६पैकी एकच संधी असलेल्या ऑरलँडोला, शकील ओ'नील आदल्याच वर्षी मिळालेला असताना, पुन्हा पहिला क्रमांक लागला. लगेच तळाच्या संघाची संधी २५ टक्क्यांवर नेली. ती हावरटांना फार गोड लागली. फिलाडेल्फियाने वर्षानुवर्षं हरण्याचा कार्यक्रमच आखला आणि २०१५-१६मध्ये ८२पैकी १० सामने जिंकले. २०१९मध्ये तळाच्या तिघांना प्रत्येकी १४ टक्के देण्यात आले. नियम बदलत राहतात, हरणारे त्यांच्या पुढे राहतात.

पहिला क्रमांक विकायचा असेल तर मात्र बोस्टनकडून शिकावं. १९८०मध्ये तो त्यांच्याकडे डेट्रॉइटकडून आलेला होता. सगळ्यांची नजर जो बॅरी कॅरलवर होती. बोस्टनच्या रेड ऑरबाख यांनी पहिला आणि तेरावा क्रमांक गोल्डन स्टेटला दिला आणि रॉबर्ट पॅरिश व तिसरा क्रमांक घेतला. तिसऱ्यावर केव्हिन मॅकहेल आला. लॅरी बर्ड आधीच संघात होता. या तिघांनी मिळून १९८१, १९८४ आणि १९८६ची विजेतेपदं आणली. २०१७मध्ये बोस्टनच्याच डॅनी एंज यांनी तोच डाव टाकला. पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला, वर पुढच्या काळातली पहिल्या फेरीची आणखी एक निवड. फिलाडेल्फियाने मार्केल फुल्ट्झ घेतला आणि त्याचा खांदा दगा देऊन गेला. बोस्टनने जेसन टेटम घेतला. २०२४मध्ये बोस्टन विजेता होता. दोन्ही वेळा विकणाऱ्याला नेमका कोण हवा हे माहीत होतं आणि तो थोडं खाली जाऊनही मिळेल याची खात्री होती. ती खात्री नसताना विकणं म्हणजे १९५६चे हॉक्स. तेही १९५८मध्ये विजेते झाले, हे खरं. पण १९५७, १९६० आणि १९६१ अशा तीन अंतिम मालिका ते हरले, आणि तिन्ही वेळा समोर रसेलचा बोस्टन होता.

योग्य विचार करूनही फसगत होते, हेही नोंदवायला हवं. २००७मध्ये पोर्टलंडने केव्हिन ड्युरंटला बाजूला ठेवून ग्रेग ओडन घेतला. त्या वेळी बहुतेकांनी तेच केलं असतं. ओडनच्या गुडघ्यांनी साथ दिली नाही. पोर्टलंडसाठी तो एकूण ८२ सामने खेळला, म्हणजे बरोबर एका मोसमाइतके.

२००३च्या डेट्रॉइटला मात्र ही सवलत नाही. दुसरा क्रमांक हातात, समोर कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड. त्या जागेवर आपल्याकडे टेशॉन प्रिन्स आहेच, म्हणून अँथनी नको झाला आणि अठरा वर्षांचा डार्को मिलिचिच आला. पुढच्याच वर्षी डेट्रॉइट विजेता झाला, त्यामुळे चूक झाकली गेली. २००६मध्ये त्यांना अंतिम फेरीच्या दारातून परत पाठवणारा मायामीचा संघ वेडचा होता. मिलिचिच तोवर ऑरलँडोला गेला होता.

'आपल्याकडे तो आहेच' या वाक्याला एक मुंबईकर धागाही आहे. सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मले. २०१८मध्ये त्यांच्या संघाला दुसरा क्रमांक मिळाला. २००६नंतर प्लेऑफचं तोंड न पाहिलेल्या संघासाठी ही मोठी संधी होती. युरोपातला अव्वल खेळाडू ठरलेला एकोणीस वर्षांचा लुका डॉन्चिच उपलब्ध होता. पण चेंडू हाताळायला डेरॉन फॉक्स आदल्याच वर्षी घेतला होता. किंग्जनी मार्विन बॅग्ली घेतला. डॉन्चिच डॅलसला पोचला आणि वर्षभरात सर्वोत्तम नवोदित ठरला. ऑक्टोबर २०१९मध्ये रणदिवे आपला संघ घेऊन वरळीच्या डोममध्ये आले आणि इंडियाना पेसर्सविरुद्ध भारतातले पहिले एनबीए सामने झाले, तेव्हा मुंबईकरांनी किंग्ज पाहिले खरे, डॉन्चिच नाही. बॅग्ली २०२२मध्ये डेट्रॉइटला गेला.

फेब्रुवारी २०२५च्या सुरुवातीला डॅलसने डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवून सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं. एकदोन दिवसांतच सॅक्रामेंटोने फॉक्सलाही सॅन अँटोनिओला देऊन टाकलं. मे महिन्यात १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसला लॉटरी लागली. अँथनी डेव्हिसला घेण्यासाठी डॉन्चिच गमावलेल्या या संघाने डेव्हिसच्याच जागेजवळ खेळणारा कूपर फ्लॅग घेतला आणि नव्या मोसमाच्या सुरुवातीला त्याच्या हाती चेंडू देऊन त्याला गार्ड म्हणून उतरवलं. दुसरा क्रमांक होता सॅन अँटोनिओचा. १९९७मध्ये डेव्हिड रॉबिन्सन असताना टिम डंकन घेऊन पाच विजेतेपदं मिळवणारा हाच तो संघ. आता त्यांच्याकडे चार महिन्यांपूर्वी आलेला फॉक्स होता, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरलेला गार्ड स्टीफन कॅसल होता. त्यांनी डिलन हार्पर घेतला. तोही गार्डच.