वर्ग कोठे भरावा? सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचा इतिहास

वैद्य आपल्यासमोर बसलेल्या रोग्याकडे पाहतो. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक संपूर्ण वस्तीकडे पाहतो. ताप कोणाला आला याबरोबरच तो याच गल्लीत का आला, पाणी कोठून येते, दवाखान्यात कोण पोहोचत नाही, हे त्याला शोधावे लागते. या विद्येचे पदव्युत्तर शिक्षण सुमारे दीडशे वर्षांचे आहे. त्याच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो: रोग एका मुलखात आणि वर्ग दुसऱ्या मुलखात, अशी स्थिती असेल तर शिक्षण पुरे कसे व्हावे?

आरंभ ब्रिटिश बेटांवर झाला. कॉलऱ्याच्या साथींनी हादरलेल्या शहरांना आरोग्याधिकारी हवे होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १८७१ मध्ये आणि केंब्रिज विद्यापीठाने १८७५ मध्ये डॉक्टरांसाठी या विषयाची पदविका सुरू केली. १८८८ च्या कायद्याने मोठ्या जिल्ह्यांतील आरोग्याधिकाऱ्यास अशी खास पात्रता आवश्यक ठरली आणि पदविकेला नोकरीचे मोल आले.

याच सुमारास हिंदुस्थान या विद्येची मोठी निरीक्षणभूमी बनला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला; पुढच्याच वर्षी जानेवारीत हाफकिन यांनी तेथे तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परोपजीवी दिसला. परंतु या ज्ञानाचे वर्ग भरले ते समुद्रापलीकडे. लिव्हरपूल येथे १८९८ मध्ये आणि लंडनच्या गोदीलगत खलाशांच्या रुग्णालयात १८९९ मध्ये उष्णदेशीय वैद्यकाच्या शाळा निघाल्या. रॉसही लिव्हरपूलला शिकवू लागले. पुरावा इकडचा, पदविका तिकडची, असा हा व्यवहार होता.

याची किंमत केवळ विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चात मोजता येत नाही. प्लेगच्या काळात अधिकाऱ्यांपाशी शास्त्र होते, पण लोकांचा भरवसा नव्हता. पुण्यातील घरझडत्यांचा संताप १८९७ मध्ये रँड यांच्या हत्येपर्यंत पोहोचला. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुरा भागात मुसलमान विणकरांच्या वस्तीतून एका आजारी मुलीला नेण्याच्या प्रयत्नावरून दंगल उसळली. पडदा, घराची अब्रू, दफनाचे विधी या गोष्टी त्या काळच्या अभ्यासक्रमाच्या कक्षेबाहेर होत्या. साथ आवरण्यासाठी मात्र त्याच जाणून घेणे अत्यावश्यक होते.

विसाव्या शतकात अमेरिकेने या शिक्षणाला वेगळे वळण दिले. वेल्च आणि रोझ यांच्या १९१५ च्या अहवालाने सार्वजनिक आरोग्य हा वैद्यकाहून वेगळा, स्वतंत्र पेशा मानला. १९१६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्वतंत्र संस्था स्थापन झाली; तिचे वर्ग १९१८ मध्ये सुरू झाले. लंडनच्या शाळेची १९२९ मधील नवी इमारत आणि कलकत्त्याची अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था या दोहोंमागे याच फाउंडेशनचे द्रव्य होते. कलकत्त्याची संस्था ३० डिसेंबर १९३२ रोजी उघडली. आता वर्ग तरी रोगाच्या मुलखात आला होता. वस्तीपर्यंत जाणे बाकी होते.

ते काम जॉन ब्लॅक ग्रँट यांनी केले. चीनमध्ये मिशनरी कुटुंबात जन्मलेले आणि हॉपकिन्समध्ये शिकलेले ग्रँट यांनी १९२५ मध्ये बीजिंग शहराचा एक विभाग निवडून तेथे आरोग्यकेंद्र उभे केले व वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यात आणले. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला जसे रुग्णालय, तशी या विद्येच्या विद्यार्थ्याला वस्ती, हे त्यांचे सूत्र. १९३९ मध्ये ते कलकत्ता संस्थेचे संचालक झाले. हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथील ग्रामीण केंद्र हीच तेथील विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा बनली. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातही प्रत्येक डॉक्टरास प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिने शिक्षण मिळावे, अशी शिफारस आढळते.

१९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना अस्तित्वात आली, शिष्यवृत्त्या वाढल्या. तरीही 'आंतरराष्ट्रीय' शिक्षणाचा अर्थ दीर्घकाळ परदेशगमन असाच राहिला. तो अर्थ बदलला अलीकडे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९७ मध्ये या विषयाची पदव्युत्तर पदवी सुरू झाली. हैदराबाद व गांधीनगर येथे २००८ मध्ये नव्या संस्था निघाल्या. ढाक्यात ब्रॅक विद्यापीठाने २००४ मध्ये स्थापन केलेल्या विद्यालयाला जेम्स पी. ग्रँट यांचे नाव आहे. युनिसेफचे हे माजी प्रमुख म्हणजे जॉन ग्रँट यांचे चिरंजीव. या विद्यालयात आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थी बांगलादेशच्या खेड्यांतून शिकतात. ज्या मुलखाकडे केवळ रुग्णांचा प्रदेश म्हणून पाहिले गेले, तोच आता गुरुकुल झाला आहे.

या अभ्यासात साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, पर्यावरण, आरोग्यधोरण यांबरोबर समाजशास्त्रेही येतात. अनेक संस्था वैद्यकेतर पदवीधरांनाही प्रवेश देतात. भाषेचे महत्त्व येथेच कळते. आरोग्य सर्वेक्षणात आईला एक प्रश्न हमखास विचारतात: गेल्या दोन आठवड्यांत मुलाला जुलाब झाले का? मराठीत 'जुलाब होणे' म्हणजे हगवण लागणे. उर्दूत 'जुलाब' हे मुख्यतः पोट साफ करणाऱ्या औषधाचे नाव. आजारासाठी शब्द आहे 'दस्त'. घरी उर्दू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या मोहल्ल्यात प्रश्न चुकीच्या शब्दात गेला, तर होकाराचा अर्थ बदलतो, आकडा बिघडतो आणि पुढे त्या आकड्यावर आखलेली योजनाही. गणिताची कोणतीही करामत ती चूक दुरुस्त करू शकत नाही.

मदनपुऱ्यात १८९८ साली कमतरता औषधाइतकीच त्या घराशी त्याच्या बोलीत बोलू शकणाऱ्या माणसाचीही होती. सामान्य महाविद्यालयांच्या वर्गांत आज असे विद्यार्थी बसलेले आहेत: दोन-तीन बोली जाणणारे, वस्तीतच वाढलेले, परंतु ही पदवी केवळ डॉक्टरांसाठी असते अशा समजुतीत राहिलेले. वर्ग त्यांच्या दारापर्यंत येण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. हे दार उघडे आहे, एवढे त्यांना सांगणे हे त्यांच्या शिक्षकांचे काम आहे.