विमान आहे, हँगर कुठे?

१/ खासगी विमानाला आकाशाआधी छप्पर शोधावे लागते. महाराष्ट्रात हा प्रश्न जुनाच आहे.

२/ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने जुहूस उतरले. तेथे हँगर म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई आणि विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे.

३/ पुढे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवरच सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी ते गच्चीवरून खाली उतरवावे लागले. २०१७ मध्ये नोंदणी झाली. २०२० चे चाचणी-उड्डाण मात्र धुळ्याच्या धावपट्टीवरून झाले.

४/ दोन्ही वेळी विमान मुंबईचे, आसरा मात्र परगावचा. विमानविद्येच्या इतिहासात यंत्राइतकीच जागेचीही नोंद हवी.