ज्ञानाचे जाळे आपल्या पैशाचे, मग त्याचे टोक आपल्या कॉलेजात का नाही?

महाडचा इतिहास आपण दर २० मार्चला सांगतो. पण त्यातला एक मुद्दा घाईत सुटतो. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. म्हणजे चवदार तळे कागदावर खुले होते. तरीही १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत जावे लागले. का? कारण ठरावाने पाणी ओंजळीत येत नाही.

आज हे आठवण्याचे कारण म्हणजे आणखी एक तळे. देशभर जमिनीखालून आणि विजेच्या मनोऱ्यांवरून काचेच्या तारांचे एक जाळे पसरले आहे. त्याचे नाव राष्ट्रीय ज्ञान नेटवर्क, म्हणजेच एनकेएन. आपल्यातल्या किती विद्यार्थ्यांनी हे नाव ऐकले आहे?

सुरुवात १९८६ ची. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'अर्नेट' उभे केले. पहिल्या आठ ठिकाणांची यादी पाहा : दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर आणि मद्रास या पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे एनसीएसटी आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग. सामान्य माणसासाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ ला. तोवर काही वर्षे या संस्थांतले प्राध्यापक परदेशी संशोधकांशी ई-मेलवर बोलत होते.

आता दुसरी तारीख तिच्याशेजारी ठेवा. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींना प्रवेशात आरक्षण १९७३ मध्ये आले. ओबीसींना ते मिळायला २००८ उजाडले. म्हणजे जाळे जिथे पहिल्यांदा विणले गेले, त्या दारातून आपला समाज नुकताच, तोही मोजक्या संख्येने, आत शिरत होता. कोणी मुद्दाम कट केला असे मी म्हणत नाही. तशी गरजही नसते. ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याला आधी द्यायचे, एवढा एक नियम पाळला की विषमता आपोआप पुढच्या पिढीत जाते.

पुढे राष्ट्रीय ज्ञान आयोगाने वेगवान जाळ्याची शिफारस केली. मार्च २०१० मध्ये मंत्रिमंडळाने एनकेएनला मंजुरी दिली. खर्च ५,९९० कोटी रुपये, जोडायच्या संस्था सुमारे १,५००. विद्यापीठे, प्रयोगशाळा, आयआयटी, मोठी वैद्यकीय महाविद्यालये. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, घरात इंटरनेटसह संगणक असलेली कुटुंबे देशात ३.१ टक्के होती आणि ग्रामीण भागात ०.७ टक्का! २०११ मध्येच अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजनाही मंजूर झाली. तीच आजची भारतनेट. तिच्या मुदती किती वेळा पुढे गेल्या, हे खेड्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

या जाळ्याची तार कोणाची आहे? बीएसएनएलची, रेल्वेरुळांशेजारून जाणारी रेलटेलची आणि पॉवरग्रिडच्या उच्चदाब मनोऱ्यांवरची. सगळी सार्वजनिक मालमत्ता. इथे बाबासाहेबांचा थेट संबंध येतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय त्यांच्याकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, ती नफेखोरांच्या मर्जीवर सोडता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच खात्याखाली उभे राहिले. ज्या गोष्टीशिवाय गरिबाची प्रगती अशक्य आहे, ती राज्याने उभारायची आणि सर्वांपर्यंत न्यायची, हा त्यामागचा विचार. आज विजेच्या जागी ज्ञानाची तार ठेवा, विचार तोच राहतो.

काही मित्र म्हणतील, "आता मोबाईलवर डेटा स्वस्त आहे, मग एवढी ओरड कशाला?" मित्रांनो, इथेच गल्लत होते. मोबाईलच्या पॅकवर व्हिडिओ दिसतो, पण पैसे भरून वाचायचे संशोधन-नियतकालिक उघडत नाही. ते संस्थेच्या ओळखीवर उघडते. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म महासंगणक असो किंवा तशी इतर यंत्रे, दुरून वापरायची तर संस्था जाळ्यात असल्याचा मोठा उपयोग होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आहेत आणि सुमारे १३,००० नियतकालिके मिळणार आहेत. पण पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील सुमारे ६,३०० संस्थांचा आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली आपली मुले बहुतेक कोणत्या कॉलेजात शिकतात? शिक्षणसंस्थांनी चालवलेल्या! मग त्यांचे काय?

म्हणून नुसती हळहळ नको. आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांना लेखी विचारा : आपली संस्था एनकेएनला किंवा आपल्या विद्यापीठाच्या जाळ्याला जोडलेली आहे का? वेग किती? ग्रंथालयात विद्यार्थ्यांसाठी किती संगणक चालू स्थितीत आहेत? उत्तर टाळले आणि संस्था अनुदानित असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. समाजकल्याणच्या वसतिगृहात जोडणी आहे का, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांना विचारा. उत्तरे गोळा करा, तालुक्याची यादी करा, ती यादी घेऊन विद्यापीठावर जा.

जयंतीला डीजेवर जमणाऱ्या वर्गणीतला थोडा भाग या कामाला मिळाला, तर अभिवादन अधिक खरे होईल. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज उभारले, कारण दुसऱ्याच्या दारात ज्ञान मागत राहणे त्यांना मान्य नव्हते.

तळे भरलेले आहे, ठरावही झालेला आहे. आता तळ्यापर्यंत चालत जायचे आहे.

जय भीम!