बंदराचे घड्याळ

मी रहाटणीला राहतो. तुम्ही म्हणाल, तुमचा आणि समुद्राचा काय संबंध? पण चाकण, पिंपरी, भोसरीच्या कारखान्यांतला परदेशी जाणारा बराचसा माल कंटेनरमध्ये भरून घाट उतरतो, तो न्हावा-शेव्याकडे. तिथे दोन दिवस फुकट गेले की त्याची झळ इथल्या लहान वर्कशॉपलाही लागते. म्हणूनच बंदराचे काम मोजतात कसे, हे आपल्याला ठाऊक हवे.

पूर्वी मुंबईच्या गोदीत गोणी, पिंपे, खोकी एकेक करून हलवत. कामगारांच्या टोळीने एका पाळीत किती टन माल काढला, हाच हिशेब. जहाजे दिवसेंदिवस धक्क्याला लागून असत. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. पुढे कंटेनरची वाहतूक रुळली तशी टनाच्या जागी पेटी आली आणि पाळीच्या जागी तास.

न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. १९९९ मध्ये तिथे खासगी टर्मिनल कामाला लागले आणि एकाच खाडीत शेजाऱ्या-शेजाऱ्यांची तुलना होऊ लागली. हिशेब सोपा आहे. एक क्रेन तासाला २५ पेट्या उचलत असेल, तर ६०० पेट्यांना २४ तास लागतात. ३० उचलल्या तर २०. चार तास वाचले.

पण कोणाचे? जहाजाचे! जागतिक बँकेने २०२१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला बंदरांचा निर्देशांकही जहाजाने बंदरात घालवलेला वेळच मोजतो. पेटी आवारात किती दिवस पडून राहिली, हे त्यात दिसत नाही.

न्हावा-शेव्याला २०१६ पासून पेट्यांवर आरएफआयडी टॅग लावून त्यांचा माग ठेवण्यास सुरुवात झाली. आयात माल मधल्या गोदामात न नेता थेट कारखान्याकडे पाठवण्याची सोयही वाढली. म्हणजे जहाजापाठोपाठ पेटीचाही वेळ मोजला जाऊ लागला.

आता फाटकाबाहेर रांगेत ताटकळणाऱ्या ट्रकचालकाचा वेळही त्याच तक्त्यात मांडावा, असे मला वाटते. क्रेनने वाचवलेले चार तास त्या रांगेत जाणार असतील, तर चाकणच्या मालाला त्यांचा उपयोग काय? ज्याचा वेळ मोजला जातो, त्याचाच वाचवला जातो.