तेहतीस पानांचे टिपण

वैद्यकाचा इतिहास बहुधा वैद्यांच्या नावांनी लिहिला जातो. उशाशी बसून रात्री काढणाऱ्यांची नावे त्यात सहसा येत नाहीत. स्वमग्नतेचा इतिहास याला अपवाद आहे. त्याची पहिली पाने एका पित्याने लिहिली, आणि पुढे तो इतिहास भरकटला तेव्हा त्याला वाटेवर आणले तेही आईबापांनीच. बदलीच्या नोकरीपायी परप्रांतात संसार थाटणाऱ्या आम्हां मंडळींना तो ठाऊक असावा. कारण त्याचा एक धागा थेट आमच्या बदलीच्या हुकुमापर्यंत येऊन पोचतो.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट जन्मला. मुलाची स्मरणशक्ती अचाट. पण हाकेला तो ओ देत नसे, आईबाप आले-गेले तरी मान वर करीत नसे. वस्तू गरगर फिरवीत बसण्यात तो रमे आणि त्यात कोणी व्यत्यय आणला की आकांत मांडी. १९३७ साली त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. पुढल्याच वर्षी, संस्थाचालकांचा सल्ला न जुमानता, आईबापांनी त्याला परत आणले. वडील वकील होते. त्यांनी मुलाच्या वागण्याचे ३३ पानांचे टंकलिखित टिपण तयार करून बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे धाडले. कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवरील आपला प्रसिद्ध निबंध छापला, त्यातले पहिले मूल डोनाल्ड होय. माणसांविषयीची अलिप्तता आणि भोवतालचे सारे जसेच्या तसे राहावे ही आत्यंतिक ओढ, ही त्या निबंधातली दोन मुख्य लक्षणे.

त्याच निबंधात कॅनर यांनी दोन गोष्टी नोंदविल्या, आणि त्यांचा मेळ बसत नव्हता. ही अवस्था जन्मजात आहे, ही पहिली. या मुलांच्या आईबापांत मायेचा ओलावा असलेले थोडेच आढळले, ही दुसरी. जगाने पहिली विसरून दुसरी उचलली. १९४९ साली कॅनर यांनीच या घरांना शीतकपाटाची उपमा दिली, आणि पुढे ‘रेफ्रिजरेटर-माता’ हा शब्द रूढ झाला. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम हे स्वतः हिटलरच्या छळछावण्यांतून सुटून आलेले. त्यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात या मुलांची तुलना छावणीतील कैद्यांशी केली. पहारेकरी कोण, हे वाचकाने ओळखायचे! आपल्याकडे असला आरोप परदेशातून यावा लागत नाही. आईच्या नोकरीला नाही तर तिच्या लाडाला बोल लावणारी माणसे घरातच असतात.

या आरोपाला उत्तर दिले ते बर्नार्ड रिमलँड यांनी. ते अमेरिकन नौदलाच्या सेवेतील मानसशास्त्रज्ञ, म्हणजे आमच्यासारखेच सरकारी नोकर, आणि एका स्वमग्न मुलाचे वडील. दोष आईचा नसून ही अवस्था शारीरिक आहे, असे त्यांनी १९६४ सालच्या आपल्या पुस्तकात साधार मांडले. त्याला प्रस्तावना लिहिली खुद्द कॅनर यांनी. पुस्तकाला जोडलेली प्रश्नावली भरून आईबाप त्यांना पाठवू लागले, आणि १९६५ साली अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. लंडनमध्ये तशी संघटना १९६२ सालीच निघाली होती. १९६९ साली पालकांच्या सभेत कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासून आनुवंशिकतेचा वाटा दाखविला, तेव्हा विज्ञानानेही त्या निवाड्यावर शिक्कामोर्तब केले.

डोनाल्डचे पुढे काय झाले? १९४२ साली त्याला एका शेतकरी दांपत्याकडे राहायला ठेवले. त्याला मापे घेण्याचा नाद. त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितले. त्याला मोजदादीचा छंद. नांगर धरताना मक्याच्या ओळी मोजू दिल्या. नाद मोडला नाही, त्याला काम दिले. डोनाल्ड १९५८ साली पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी निवर्तला. घर सुखवस्तू होते, गाव ओळखीचे होते. प्रत्येक मुलाची वाट अशी सरळ जात नाही. परंतु ओळखीचे गाव किती आधार देते, हे मात्र त्यावरून कळते.

आमच्या संसारात नेमके तेच मिळत नाही. दर तीन-चार वर्षांनी सामान बांधायचे. इतर मुले आठवड्यात रुळतात. या मुलाचे मात्र पाण्याच्या चवीपासून शाळेच्या रस्त्यापर्यंत सारे जगच बदलून जाते. म्हणून जाणते पालक नव्या क्वार्टरची छायाचित्रे त्याला आधीच दाखवितात, दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावतात, आणि पेटाऱ्यांतून सर्वांआधी त्याचीच चादर आणि ताट-वाटी काढतात. बाहेरची भाषा वेगळी म्हणून घरातली मराठी सोडावी, असा सल्लाही अनेकांना मिळतो. दोन भाषांनी अशा मुलांची वाढ खुंटते, असे संशोधनात आढळलेले नाही. मराठी सोडली तर मुलाची आजी मात्र निश्चित तुटते.

आपल्या देशातही वाट पाडली ती पालकांनीच. मेरी बरुआ या आईने १९९१ साली दिल्लीत ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली. १९९५च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. ते १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले, आणि २०१६च्या कायद्याने ती २१ प्रकारांत समाविष्ट झाली. अपंग अपत्याची काळजी वाहणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नित्याच्या बदलीतून सूट मिळू शकेल, असा आदेश कार्मिक विभागाने जून २०१४ मध्ये काढला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यात स्वमग्नतेचा अंतर्भाव केला. ही सूट प्रशासकीय अडचणींच्या अधीन आहे. म्हणजे कागद ज्याच्या टेबलावर येईल त्याच्या समजुतीवर पुष्कळसे अवलंबून आहे.

आमच्या वाचकांत असा अर्ज लिहिणारे आहेत, तसे त्यावर शेरा मारणारेही आहेत. पहिल्यांनी संकोच करू नये. मुलाचे वागणे त्या वकिलाप्रमाणे तपशीलवार लिहावे. दुसऱ्यांनी तो अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. कॅनर यांनी ती ३३ पाने वाचली होती.