व्हॉक्लूझच्या परसात, 1963

जानेवारी 1963. सिडनीच्या पूर्वेकडचा व्हॉक्लूझ भाग. रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेत, तरी भिंतींतली धग उतरलेली नाही. तुम्ही एका बंगलीच्या मागच्या पायऱ्यांवर बसला आहात. समोर परस. हिरवळीत मधोमध रोवलेला, गोल फिरणारा लोखंडी सांगाडा कपडे वाळत घालण्यासाठी आहे. त्याला हिल्स हॉइस्ट म्हणतात आणि इथल्या माणसांचा त्याच्यावर फार जीव. एका कडेला लिंबाचं झाड, कचरा जाळायची विटांची भट्टी, आणि पार मागे फळ्यांच्या कुंपणाला टेकून कोंबड्यांचं खुराडं. खालून बंदराचा खारा वारा येतोय. दिवसभर कान किटवणारे सिकाडा आता कुठे गप्प झालेत.

पायऱ्यांजवळ पडलेल्या रबरी बुटांत न झटकता पाय घालू नका. सिडनीच्या फनेल-वेब कोळ्याचे नर उन्हाळ्यात मादीच्या शोधात भटकतात, आणि त्यांच्या विषावरचा उतारा यायला अजून अठरा वर्षं आहेत. तो 1981 मध्ये येईल. बाकी भिण्यासारखं फार नाही. दिवसा आला असतात तर लिंबाखालच्या दगडांवर ऊन खात पडलेली निळ्या जिभेची जाडजूड सापसुरळी दिसली असती. ती जीभ दाखवून घाबरवते, आणि तुम्ही गेलात की पुन्हा गोगलगायी खायला लागते.

पडवीतल्या दिव्यावर ख्रिसमस बीटल आदळतायत. आपल्याकडच्या हुमणीच्या भुंगेऱ्यांचे हे भाऊबंद, पण अंगावर पितळेची झळाळी. आपटतात, उताणे पडतात, पाय झाडत राहतात. त्यांच्याकडे बघत असतानाच कुंपणाची एक कुजकी फळी हलते.

आधी गुलाबी नाक येतं, मग दोन टवकारलेले कान. मांजर म्हणावं तर आकार लहानशा मांजराएवढा खरा, पण चाल मांजराची नाही. चार पावलं पळतं, थबकतं, मग टुणकन उडी. दिव्याच्या उजेडात आल्यावर अंग दिसतं: फिकट तपकिरी, त्यावर पांढरे ठिपके, अगदी मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. शेपटीवर मात्र एकही ठिपका नाही. हा पूर्वेकडचा क्वोल. ठिपकेदार शेपटीचा त्याचा थोरला चुलतभाऊ वेगळा. तुमच्या पायापासून दोन हातांवर तो एक भुंगेरा पुढच्या दोन्ही पंजांत धरतो आणि खातो. कुरकुर ऐकू येते. कठीण पंख खाली पडतात, तो पुढच्याकडे वळतो.

हा कांगारूंसारखा पिशवीवाला प्राणी, आणि खाण्यात मुख्यतः किडे नि अळ्या. मादीला एका वेळी तीसपर्यंत पिल्लं होतात, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढं. आचळं सहाच. ज्यांना ती सापडली ती जगली, बाकीची गेली. अशी काटछाट जन्मापासून सोसणारा प्राणी सहज नाहीसा होईल असं कुणाला का वाटावं?

खुराड्यात कोंबड्या फडफडतात. क्वोलला कोंबडी वर्ज्य नाही, आणि त्याच्याबद्दल शेजाऱ्यापाजाऱ्यांना जे ठाऊक आहे ते एवढंच. कुंपणापलीकडून टॉर्चचा झोत येतो, खुराड्यावरून फिरतो, ठिपक्यांवर क्षणभर थांबतो आणि तुमच्यावर येऊन स्थिरावतो. क्वोल पळतो. झोत तुमच्यावरच. साहजिक आहे: 1963 मध्ये गोऱ्यांखेरीज इतरांना देशात वसू न देणारं ‘गोरा ऑस्ट्रेलिया’ धोरण अजून लागू आहे, ते पुरतं मोडीत निघेल 1973 मध्ये. त्या शेजाऱ्याच्या लेखी आज परसात शिरलेला परका प्राणी तुम्ही आहात. ठिपकेवाला तर रोजचाच.

तो रोजचा नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर पूर्वेकडच्या क्वोलची शेवटची खात्रीची नोंद म्हणून सांगितली जाते ती याच सालची, याच व्हॉक्लूझमधली. कुठल्या दुर्गम डोंगरातली नव्हे, ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या शहराच्या उच्चभ्रू वस्तीतली. पण अमुक प्राणी शेवटचा, हे मागाहून ठरतं. त्या रात्री शेजाऱ्याने दार लावून घेतलं, यात त्याचं काही चुकलं नाही.

आता इथेच बसा, फक्त 160 वर्षं मागे सरका. बंगली नाही, कुंपण नाही. 1803 मध्ये ही जमीन सर हेन्री ब्राउन हेज नावाच्या गृहस्थाने घेतली. आयर्लंडमधल्या कॉर्कचा बडा माणूस. एका श्रीमंत घरच्या मुलीला लग्नासाठी पळवून नेलं म्हणून काळ्या पाण्यावर आलेला. इथल्या सापांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. सेंट पॅट्रिकने आयर्लंडमधून साप हाकलले, तेव्हा तिकडच्या मातीवरून साप जाणार नाही, असा त्याचा हिशेब. म्हणून त्याने म्हणे जहाजातून आयरिश माती आणवली आणि घराभोवती चर खणून ती भरली. सांगोवांगीची गोष्ट आहे, पण सिडनीकर ती आजही चवीने सांगतात. चर भरणाऱ्या कैद्यांच्या चेहऱ्यावर काय असेल ते बघायला मला फार आवडलं असतं.

सापांना अडवायला माती आली, पण क्वोलचे वैरी अडवायला कुणी चर खणला नाही. मांजर 1788 मध्येच पहिल्या ताफ्याबरोबर उतरलं होतं. युरोपातलं तांबडं खोकड पुढे एकोणिसाव्या शतकात घोड्यावरून शिकारीच्या हौसेसाठी सोडलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोगाची साथ आली. त्यात विषारी आमिषं आणि कोंबड्या राखणाऱ्यांच्या बंदुका. टास्मानियात खोकडाने मूळ धरलं नाही, आणि तिथे क्वोल टिकला.

हेजचं ते घर पुढे 1827 मध्ये विल्यम वेंटवर्थ नावाच्या गृहस्थाकडे गेलं. ज्या वेंटवर्थव्हिलमध्ये आज भारतीय किराणा दुकानांत कोथिंबीर निवडत आपली माणसं भेटतात, ते उपनगर त्याच्या बापाच्या नावाचं. तिकडेच या, आपल्या काळात. किंवा खरं तर बंदराच्या उत्तरेला चला, तिथे बघण्यासारखं जास्त आहे.

सकाळ. तिथे राहणाऱ्या तुमच्या मुलीच्या परसात ब्रश टर्की या पक्ष्याचा नर पालापाचोळा ओढतोय: काळं अंग, लाल बोडकं डोकं, गळ्यात पिवळी झालर. तिने गुलाबांना घातलेला सगळा पाचोळा त्याने एका ढिगात नेलाय. ढीग चार मीटर रुंद. तो चोच खुपसतो, ढिगाची ऊब पाहतो, पाला काढतो किंवा घालतो. अंडी आत कुजत्या पाल्याच्या उबेवर, साधारण 33 ते 38 अंशांवर उबतात. पिल्लू स्वतःच उकरून बाहेर येतं आणि आईबापाचं तोंड न पाहता चालू लागतं. 1930 च्या मंदीत हाच पक्षी लोकांनी मांसासाठी, अंड्यांसाठी मारला. 1963 च्या सिडनीत तो तुम्हाला परसात भेटला नसता. आज त्याला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून बागकाम करणारे दात-ओठ खात बघत बसतात.

रस्त्यावर धाडकन आवाज होतो. पांढरा, पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा कचऱ्याच्या डब्यावर बसलाय. चोचीने झाकण किंचित उचलतो, ते चोचीत धरूनच काठावरून तिरका तिरका मागे चालत जातो, आणि झाकण उलटं पडतं. 2018 च्या आधी ही करामत तीन उपनगरांतून कळवली गेली होती, 2019 च्या अखेरीस 44 उपनगरांतून. पक्षी एकमेकांचं बघून शिकले. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या, तर काहींनी विटा ढकलून द्यायला सुरुवात केली.

मला हे दोघे आवडतात, पण त्यांच्यावरून सगळं आलबेल आहे असं समजणं साफ चूक. माणसाच्या कचऱ्यावर, पाचोळ्यावर पोसणारे परत आले. रात्री जमिनीवर हिंडणारे, मांजराच्या पंजात मावणारे आले नाहीत. क्वोल बघायचाच असेल तर टास्मानियात जा. नाहीतर कॅनबेराचं मुलिगन्स फ्लॅट आहे. तिथे 2016 पासून खोकड-मांजरांना अडवणाऱ्या कुंपणाआड त्याला पुन्हा वसवलंय.

आणि मुलांकडे सिडनीला मुक्कामाला जाणार असाल, तर छपरावर धपधप करणाऱ्या पॉसमला कौतुकाने पावाचे तुकडे घालू नका. घरात मांजर असलं, तर दिवेलागणीला त्याला आत घ्या आणि सकाळपर्यंत दार उघडू नका. ते कितीही ओरडलं तरी.