ब्रिगेन, बर्गेन (नॉर्वे)

१. लेखकाने ब्रिगेनच्या धक्क्यावरची ही घरे ‘मध्ययुगीन’ म्हटली आहेत. ते आखणीपुरतेच खरे. हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी 1360च्या सुमारास या धक्क्यावर वखार थाटली. उत्तरेकडची सुकवलेली कॉड मासळी इथून बाहेर जाई आणि धान्य येई. 1702च्या आगीत सगळी वस्ती भस्मसात झाली. आज दिसणारी घरे त्यानंतरची आहेत. पण ती जुन्याच रेषांवर, जुन्याच पद्धतीने बांधली गेली : पाण्याकडे निमुळती दर्शनी बाजू, मागे लांबच लांब ओळ, मधून फळ्या टाकलेला अरुंद बोळ. आगीच्या धास्तीने राहत्या घरांत चूल वा शेकोटी पेटवायला बंदी होती. स्वयंपाक आणि ऊब मागच्या वेगळ्या सभागृहांत. मौल्यवान माल दगडी कोठारांत. उत्तरेच्या त्या हिवाळ्यात वखारीतल्या शिकाऊ पोरांनी कसे दिवस काढले असतील, याचा विचार वाचकाने जरूर करावा. 1955मध्ये पुन्हा आग लागून काही भाग नष्ट झाला. त्या जागेवरच्या उत्खननात रून लिपीतले शेकडो लेख सापडले. त्यांत मालावर बांधायच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत, तशी प्रेमाची वाक्येही. 1979मध्ये युनेस्कोने ब्रिगेनला जागतिक वारसा ठरवले. पुढे शेजारच्या बांधकामामुळे भूजल खाली गेले. पाण्यात बुडालेले लाकूड शतकानुशतके टिकते, हवा लागली की कुजते. त्यामुळे घरांचा लाकडी पाया खचू लागला. म्हणून पावसाचे पाणी जमिनीत मुरवून पातळी पुन्हा वर आणावी लागली. संपादकाच्या मते वरच्या डागडुजीपेक्षा हे काम अधिक मोलाचे आहे. — संपा.